गाळावर नसीमची गाडी

सलीमचा फोन आला तेव्हा मी दुकानात औषधांच्या खोक्यांवरच्या तारखा बघत होते. उन्हाळ्यातली दुपार होती, पुंडलिकनगरचा रस्ता रिकामा होता आणि डोक्यावरचा पंखा नुसती गरम हवा ढवळत होता. सलीम म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, नसीमचा धाकटा भाऊ; तिला तो आपा म्हणायचा. एरवी तो फोनवर आधी तब्येत विचारतो, मग घरच्यांचं विचारतो, मग कामाचं बोलतो. त्या दिवशी तो एकदम म्हणाला, "सुमनताई, गाडी रुतलेली नाय." मला काही कळेना. कुठली गाडी, कुठं, असं मी विचारत राहिले आणि तो तेच तेच सांगत राहिला... गाडी रुतलेली नाय, चांगली उभी आहे, चारही चाकं वर आहेत. मग जरा थांबून म्हणाला, "आपा गेली."

वाक्यांचा हा क्रम मला पुढं बरेच दिवस छळत होता. आता काही आठवडे उलटल्यावर तो समजतो. नसीमला धरणाच्या गाळात गाडी घालताना ज्यांनी ज्यांनी पाहिलं होतं, त्या सगळ्यांना वर्षानुवर्षं एकच भीती होती. गाडी रुतेल आणि मागून पाणी येईल. आम्ही सगळे त्याच बातमीची वाट बघत असल्यासारखे जगत होतो. म्हणून भावानं आधी ती भीती बाजूला सारली आणि मग खरी बातमी सांगितली.

नसीम एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायची. घर रोशन गेटजवळ, कॉलेज आमच्या भागाजवळ. घरी जाताना अम्मीच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला ती माझ्या मेडिकलसमोर थांबायची. उंचीनं अगदी बुटकी बाई, आणि उतरायची ती सरकारी लिलावात घेतलेल्या जुन्या, उंच, चारही चाकं ओढणाऱ्या जीपमधून. समोरचे दुकानदार मान वळवून बघायचे. तिला त्याचं काही नव्हतं. ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती गोळ्यांबद्दल नव्हेच. दुकानाबाहेरच्या माझ्या स्कूटीकडं बोट दाखवून म्हणाली, "मागच्या चाकात हवा कमी आहे. तशीच घरी नका जाऊ, टायर आतून जाईल." तिची नजर पहिली चाकांवर जायची, माणसांवर नंतर. आमची ओळख तिथं सुरू झाली आणि पंचविशीतल्या मैत्रिणींसारखी आमची मैत्री पन्नाशीच्या उंबरठ्यावर झाली. लग्नाचं तिचं एकदा जमता जमता राहिलं होतं, नंतर तिनं ते जमवायचा प्रयत्न केला नाही. घरात अम्मी, सलीम, सलीमची बायको, आणि दारात ती जीप.

जीप कशासाठी, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. अम्मीचं माहेर धरणात गेलेलं. गावाचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी हौसेनं नवी गाडी घेऊन तिकडं जाईल. पैठणला धरण बांधलं तेव्हा काठावरची गावं उठवून वर नेली. अम्मीचे वडील त्याआधीच वारले होते, त्यांची कबर जुन्या गावात राहिली आणि पाण्याखाली गेली. पाऊसपाणी बरं असलं की तिथं नुसता समुद्र दिसतो. पण दोन-तीन वर्षं ओळीनं कोरडी गेली की धरण मागं हटतं, आणि जुन्या गावाचा उंचवटा उघडा पडतो. भिंतींचे पाये, चुलीचे दगड, आणि एका अंगाला काही कबरी. अम्मीला तिथं बसून वडिलांसाठी फातेहा म्हणायचा होता. तिचे गुडघे गेलेले, ती चालू शकत नव्हती. आणि काठापासून त्या उंचवट्यापर्यंत सगळा गाळ.

हा गाळ ज्यानं पाहिला नाही त्याला सांगणं अवघड आहे. वरून तो वाळलेला, भेगाळलेला, टणक दिसतो. त्यावर कुत्री पळतात, पोरं क्रिकेट खेळतील असं वाटतं. पण कडक असतो तो वरचा पापुद्रा. खाली दह्यासारखी मऊ, काळी, थंड माती, आणि तिला तळ कुठं आहे ते कुणाला माहीत नाही. धरण हटलं की काठचे शेतकरी त्यावर गाळपेर करतात, टरबूज-खरबूज लावतात. त्यातले एक भागुजी. वाट त्यांनीच नसीमला दाखवली होती. त्यांचा एक बैल त्या गाळात गेला होता. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त वाटेत एका ठिकाणी आलं की ते दुसरीकडं बघत चालायचे. नसीमनं मला तेवढंच सांगितलं, "ते जिकडं बघत नाहीत ना, तिकडून आपण जायचं नाही."

पहिल्या खेपेला तिच्या गाडीला जुने सरकारी टायर होते, रस्त्याचे, झिजून गुळगुळीत झालेले. ती काठालाच अडकली, आणि बाहेर काढताना काठावरच्या काळ्या दगडानं एका टायरचा गाल उभा चिरला. टायरची जी बाजू आपल्याला दिसते तिला ती गाल म्हणायची. म्हणायची, तळव्याला पंक्चर झालं तर बुजवता येतं, गाल फाटला की संपलं. मग नवे टायर घ्यायला जालना रोडवरच्या एका दुकानात गेली तेव्हा मलाही सोबत नेलं. दुकानदार हौशी होता. त्यानं मोठमोठ्या दातांचे, राक्षसासारखे दिसणारे टायर बाहेर काढून ओळीनं उभे केले. चिखलासाठी याच्याहून चांगला माल नाही, म्हणाला. नसीमनं त्या दातांच्या खाचेत बोट घातलं, काढलं, आणि शांतपणे म्हणाली, "चिखलाखाली कडक जमीन असेल तर हे दात तिथवर पोचतात आणि धरतात. मी जाते तिथं खाली जमीनच नाही. हे खोदत बसतील, आणि जेवढं खोदतील तेवढी गाडी खाली जाईल. मला खोदायचं नाही, भाई. मला वरून जायचंय."

शेवटी तिनं घेतले ते दिसायला साधे होते. जरा रुंद, मध्यम नक्षीचे, पण गाल जाड. जाड गाल हवा होता तो काठावरच्या दगडांसाठी आणि वेड्या बाभळीच्या काट्यांसाठी. पण त्यातही मेख होती आणि ती तिनं मला घरी येताना समजावली. गाळावर जायचं तर टायरातली हवा कमी करायची. हवा कमी झाली की टायर जमिनीवर पसरतो, उंटाचं पाऊल पसरतं तसं, आणि गाडीचं वजन विभागलं जातं. जाड गालाचा टायर सहज पसरत नाही, म्हणून त्यातली हवा आणखी कमी करावी लागते. आणि फार कमी केली की वळण घेताना टायर रिमवरून उतरायची भीती. म्हणजे दगडासाठी घेतलेली ताकद गाळात आड येणार. मी विचारलं, मग करायचं काय. ती समोर रस्त्याकडं बघत म्हणाली, "दोन्हीकडं भीतीच आहे, सुमन. कुठली आधी पत्करायची, एवढंच आपल्या हातात."

तिची पद्धत मी पुढं इतक्या वेळा पाहिली की ती माझ्याही हातात बसली. शहरातून निघताना चारही चाकांत बत्तीसची हवा. डांबर सोडून काठाच्या दगडांवर उतरायच्या आधी ती पंचविसावर आणायची. तिथं टायर फार ताठ ठेवला तर दगड तळव्यात घुसतो, फार मऊ केला तर गाल बाहेर फुगतो आणि चिरतो. दगड संपून गाळ सुरू झाला की सोळा. हवा सोडताना ती उकिडवी बसायची, हवा मोजायचं गेज लावायची, पुन्हा सोडायची, पुन्हा लावायची, आणि मध्ये कुणी बोललेलं तिला चालत नसे. मग खाली उतरून टाच जोरानं जमिनीत रुतवायची आणि त्या खड्ड्याकडं बघत उभी राहायची. खड्डा कोरडा राहिला तर पुढं जायचं. तळ ओला चमकायला लागला तर हवा आणखी कमी करायची. आणि खड्ड्यात पाणी आलं तर गाडी वळवायची, मग कबर हाकेच्या अंतरावर का असेना. परत येताना डांबर लागायच्या आधी चारही चाकं पुन्हा भरायची. मऊ टायर रस्त्यावर पळवला की आतून तापतो आणि बाहेरून काही दिसत नाही. या शेवटच्या गोष्टीबद्दल ती फार बोलायची... बाहेरून काही दिसत नाही.

अम्मीला नेलं तो उन्हाळा लई कडक होता. मृग सरत आला तरी आमच्याकडं थेंब नव्हता. बिडकीनच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन भाजून निघाली होती. नसीम गाडी चालवत होती, मी शेजारी, मागच्या सीटवर अम्मी, उशा लावून बसवलेली. ती वाटभर बोलत होती. माहेरच्या विहिरीचं, चिंचेचं, वडिलांच्या पागोट्याचं. गाळाशी आल्यावर ती पुढं वाकून काचेतून बघू लागली. उंचवट्याच्या अलीकडं एक नाला आहे, म्हणजे धरणाआधी तो नाला होता. आता नुसती एक रुंद, उथळ घळ. नसीमनं तिथं टाच रुतवून पाहिली. कोरडी. आम्ही घळ ओलांडून वर चढलो, अम्मीला दोघींनी धरून कबरीपाशी नेऊन बसवलं. दगड ओळखायला तिला वेळ लागला नाही. तिनं त्यावरून हात फिरवला, पदर डोक्यावर घेतला आणि ओठ हलू लागले. मी थोडी दूर जाऊन उभी राहिले. इतकी शांतता मी दुसरीकडं कुठं ऐकलेली नाही. पक्षीसुद्धा नव्हता.

त्या शांततेत मला भागुजी येताना दिसले. ते पळत नव्हते, पण भराभर चालत होते, चपला हातात घेऊन. जवळ येऊन म्हणाले, "बाई, निघा आता. मागं पाणी आलंय." मी वर पाहिलं. निळं, कोरडं आभाळ, ढगाची चिंधीही नाही. भागुजींच्या ते ध्यानात आलं. "आभाळाकडं काय बघता? पाणी वरून नाय आलं. तिकडं नाशकाकडं पडलाय पाऊस. नदीनं आलंय." मी मागं वळून पाहिलं. आम्ही ज्या घळीतून आलो तिच्या तळाशी एक करडी, पातळ रेघ चमकत होती. तिला लाट नव्हती, आवाज नव्हता. ती फक्त मघापेक्षा रुंद झाली होती. भेगांमधून बुडबुडे येत होते, आणि प्रत्येक भेग भरली की पाणी पुढच्या भेगेत उतरत होतं, घाई न करता.

नसीमनं अम्मीला अर्ध्यात उठवलं नाही. ती गाडीकडं गेली आणि चाकापाशी बसली. सोळावरून बारा. मी म्हणाले, टायर उतरेल. ती म्हणाली, "वळले तर उतरेल. मी वळणार नाही." चौथं चाक होईपर्यंत अम्मीचा फातेहा संपला होता. आम्ही तिला उचलूनच सीटवर ठेवलं. भागुजी घळीत उतरून कमरेला धोतर खोचून पुढं चालू लागले, पायानं चाचपत, आणि नसीम त्यांच्या पाठीकडं नजर लावून त्याच रेषेत गाडी नेऊ लागली. ब्रेक नाही, गिअर बदलायचा नाही, चाक जरासुद्धा फिरवायचं नाही. मध्यावर गाडीचं मागचं अंग खाली बसलं, म्हणजे खरोखर बसलं, कुणी खालून धरून ओढावं तसं. इंजिनाचा आवाज जड झाला. नसीमनं पाय हलवला नाही, वाढवला नाही, कमीही केला नाही. तिच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात जात होता आणि ती पापणी मिटत नव्हती. मग पुढच्या चाकांना काहीतरी लागलं, आणि गाडी हळूहळू वर आली.

काठावरच्या दगडांनी बदला घेतलाच. बाराच्या हवेवर एका टायरचा गाल चिरला, आणि आम्ही बदली चाक लावून घरी आलो. अम्मी सबंध रस्ता डोळे मिटून होती. रोशन गेट आल्यावर तिनं नसीमच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, माझं झालं. आता तू नको जाऊ तिकडं." नसीम म्हणाली, "हौ अम्मी." पण ते तिनं ज्या आवाजात म्हटलं, त्यावरून मला कळलं की ती जाणार.

पुढच्या एका पावसाळ्यात अम्मी गेली. धरण भरलेलं होतं. आणि त्यानंतर जेव्हा जेव्हा पाणी हटलं तेव्हा तेव्हा नसीम जात राहिली, कधी माझ्याबरोबर, बहुतेक वेळा एकटी. अम्मीचं काम आता तिच्याकडं आलं होतं, असं ती म्हणायची. पण एवढंच नव्हतं. तिला त्या गाळाची ओढ लागली होती. परत आली की ती मला सांगायची, घळ या वेळी डावीकडं सरकलीय, पापुद्रा पातळ झालाय, मागच्या खेपेला जिथं सोळावर निघाले तिथं आता चौदा लागतात. वर्गात गोदावरीचं खोरं शिकवणारी बाई त्या एका पट्ट्याकडं अशी बघायची, जसं आपण घरातल्या बिनसलेल्या माणसाकडं बघतो, आज कुठल्या तोंडानं आहे याचा अंदाज घेत.

मागच्या दिवाळीनंतर ती दुकानात आली आणि स्टुलावर बसली. कधी बसत नसे. थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिली. मग चप्पल काढून पाऊल पुढं केलं, घोट्याच्या वर अंगठा जोरानं दाबला आणि उचलला. तिथं खड्डा पडला होता. आम्ही दोघी त्या खड्ड्याकडं बघत राहिलो. तो भरून येईना. "डॉक्टर म्हणतात हृदय मोठं झालंय," ती म्हणाली, "पंप नीट चालत नाही, म्हणून पाणी साचतं. पाणी काढायच्या गोळ्या दिल्यात. तुझ्याकडूनच घेईन, सलीमला सध्या नको सांगू, त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत." मी विचारलं, गाडी चालवायला काय म्हणाले. ती हसली. लांब नको म्हणाले, असं म्हणाली, पैठण काही लांब नाही.

त्यानंतर मी तिच्यात एकेक गोष्ट कमी होताना पाहिली. जिना चढताना मध्ये थांबू लागली. पायानं मारायचा पंप टाकून तिनं बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घेतला. म्हणाली, वेळ वाचतो. टायर बदलायला झाले होते, रबर कडक पडून बारीक चिरा दिसू लागल्या होत्या, ते मी दाखवल्यावर म्हणाली, "एवढा उन्हाळा निघेल." सलीमच्या घरी मुलगी झाली. नसीमनं आता तरी सांगावं म्हणून मी मागं लागले, आणि तिनं सांगितलंही. सलीमनं जीपची चावी कपाटात ठेवली. तिनं ती मागितली नाही, भांडली नाही. दुसरी चावी तिच्याकडं होती.

मे महिन्यात आमची शेवटची भेट झाली. गोळ्या घेतल्या, पिशवी खांद्याला अडकवली, आणि दारातून वळून म्हणाली, भागुजींचा फोन होता, उंचवटा उघडा पडलाय. मी म्हणाले, रविवारी दुकान बंद आहे, दोघी जाऊ. "बघू," म्हणाली. रविवारच्या आतच ती एकटी तिकडं गेली. मला वाटतं, घळीपर्यंत जाताना किती वेळा थांबावं लागतं, ते तिला कुणाला दाखवायचं नव्हतं.

भागुजींनी तिला सकाळी जाताना पाहिलं होतं. परतताना ती त्यांच्या टरबुजाच्या वाडीपाशी हॉर्न वाजवायची, तो वाजला नाही. ऊन चढल्यावर ते ट्रॅक्टर घेऊन गेले. जीप उंचवट्याखाली, काठाकडं तोंड करून उभी होती. नसीम गाडीच्या सावलीत, मागच्या चाकाला पाठ टेकून बसलेली. डोकं जरा एका बाजूला झुकलेलं. भागुजींना वाटलं, थकून डोळा लागलाय, आणि त्यांनी दोनदा हाक मारली. त्यांनी तिला ट्रॉलीत गोधडीवर ठेवून काठावर आणलं. दुसऱ्या दिवशी दफन झालं. पुरुष कबरस्तानात गेले आणि मी घरातल्या बायकांमध्ये, सलीमची छोटी मांडीवर घेऊन बसले.

गाडी तिकडंच होती. तिच्याबद्दल त्या दिवसांत कुणी बोललं नाही. मग भागुजींचा फोन आला. वरच्या अंगाला पाऊस सुरू झाला होता, चार-सहा दिवसांत पाणी पोचेल असं लोक म्हणत होते. ट्रॅक्टर आता जाणार नाही, असंही त्यांनी सांगितलं; घळ ओली झाली होती. "जाईन मी," ते म्हणाले, "पण येणं व्हायचं नाय." सलीम दुकानात आला आणि काउंटरला धरून उभा राहिला. गाडी गेली तर जाऊ दे, असं मी म्हणाले. तो म्हणाला, "ताई, त्यात डिझेल आहे, ऑइल आहे. ते पाणी सगळं शहर पितं. आपाला ते चाललं नसतं." आणि थोड्या वेळानं, "तिथं नानांच्या, अम्मीच्या वडलांच्या कबरीजवळ तिची गाडी पाण्याखाली उभी आहे, असं मनात आणून मला झोपता येणार नाय." त्याला शहरातली छोटी गाडी चालवता येते. जीपचा तो दुसरा दांडा, चारही चाकांना जोर देणारा, त्यानं कधी हातात धरलेला नव्हता. मी धरला होता, नसीमनं धरायला लावला होता.

आम्ही चालत घळ ओलांडली, भागुजी पुढं. पाय घोट्यापर्यंत जात होते आणि काढताना आवाज होत होता. आभाळ तसंच स्वच्छ होतं. गाडीपाशी पोचल्यावर मी आधी गेज काढलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. मागच्या दोन चाकांत दहाची हवा होती. पुढच्या दोन चाकांत सोळा. मी पुन्हा मोजली, तेच. मग दाराजवळ मला तिच्या टाचेचा खड्डा दिसला. तो पाण्यानं भरलेला होता. तेव्हा मी सलीमला सांगितलं नाही, पण माझ्यापुरतं सगळं समजलं. कबरीवरून ती परत आली, टाच रुतवली, खड्ड्यात पाणी आलेलं तिनं पाहिलं. गाडी वळवलेली होतीच. घळ आता मऊ असणार, म्हणून तिनं सोळावरून दहावर आणायला सुरुवात केली, मागचं एक चाक, मग दुसरं. आणि मग जरा दम खायला बसली...

पुढच्या दोन चाकांची हवा मी सोडली. गेज दोनदा चिखलात पडलं. सलीम शेजारी बसला आणि हलक्या आवाजात काही म्हणत राहिला. मी भागुजींच्या पाठीकडं नजर लावली. घळीच्या मध्यावर गाडी बसली, तशीच, खालून कुणी ओढावं तशी, आणि मला वाटलं, संपलं. पाय जोरानं दाबावा असं सगळं अंग सांगत होतं. मी दाबला नाही. चाकं त्या काळ्या मातीवर पसरून, लोळून, इंच इंच पुढं जात राहिली, आणि पलीकडच्या कडेला लागली. दगडांवरून माणूस चालेल तितक्याच गतीनं गाडी आणली. डांबराच्या अलीकडं थांबून मी कॉम्प्रेसर लावला. तो घरघरायला लागल्यावर सलीम पाठ वळवून बाभळींकडं तोंड करून उभा राहिला, आणि चारही चाकं भरेपर्यंत वळला नाही.

दोन दिवसांनी भागुजींनी कळवलं, उंचवटा गेला.

धरण आता भरत चाललंय. पेपरात रोज टक्के येतात, लोक खूश आहेत, मीही असायला हवं. पण या भागात राहणाऱ्याला ठाऊक असतं की कोरडी वर्षं कुठं गेलेली नसतात. ती येतील, पाणी हटेल, आणि सलीम जाणार. त्यानं ते तिच्या चाळिसाव्या दिवशीच सांगितलं. अम्मी नाही, आपा नाही, नानांसाठी फातेहा म्हणायला आता तोच. मी त्याला अम्मीच्या वेळी पाणी कसं आलं होतं ते सांगितलं, खड्ड्याचंही सांगितलं. तो ऐकून घेतो. मग म्हणतो, "म्हणून तर शिकायचंय." टायर त्यानं नवे घातले आहेत, मी सांगितले तसेच. दर रविवारी आम्ही शहराबाहेरच्या एका पडीक माळावर जातो आणि मी त्याला हवा सोडायला शिकवते. तो घाई करतो, मी ओरडते. त्याची मुलगी आता बसायला लागलीय. मी हे बरं करतेय की वाईट, मला खरंच सांगता येत नाही. शिकवलं नाही तरी तो जाईल, एवढं मात्र दिसतं.

एका गोष्टीवर आमचं अडलंय. नसीमनं ड्रायव्हरची सीट पार पुढं ओढून ठेवलेली, तिच्या उंचीला. मलाही ती साधारण जमते. सलीम चांगला उंच आहे. त्याचे गुडघे स्टिअरिंगवर आपटतात, क्लच दाबायला पाय आडवा दुमडावा लागतो. असं बसून गाळावर गाडी नेता येणार नाही, हे त्यालाही कळतं. मागच्या रविवारी मी म्हटलं, सीटखाली कळ आहे, दाब आणि मागं सरक. त्यानं वाकून हात खाली नेला, कळ चाचपली, बोटं तिच्यावर ठेवली. थोडा वेळ तो तसाच वाकून राहिला. मग हात वर आणला आणि दुमडलेल्या पायांनी गाडी सुरू केली.

"असू द्या, ताई," तो म्हणाला. "जमतंय."